न्यायमूर्ती रानडे यांचा भागवतधर्म

संतसज्जनहो, राहुरी तालुक्यातले ताहराबाद आपणां वारकऱ्यांना काही नवे नाही. भक्तविजयकर्त्या महिपतिबोवांचे ते गाव. गावच्या कुळकर्ण्याने दरबारी लेखणी खाली ठेवली आणि पुढे ती संतांसाठीच उचलली, ही हकीकत आपण कीर्तनातून ऐकत आलो आहो. इंग्रजी अमदानीत या महिपतिबोवांच्या ग्रंथांचा आधार एका सरकारी न्यायाधीशाने घेतला. ते माधवराव रानडे.

माधवराव १८४२ साली निफाडास जन्मले. कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी १८७९ साली जो कायदा झाला, त्याच्या कामावर पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत त्यांची फिरती असे. सावकारी पाशात अडकलेला कुणबी त्यांनी जवळून पाहिला.

ते प्रार्थनासमाजाचे. मूर्तिपूजा त्या समाजास मान्य नव्हती. इथे आपली वाट निराळी, हे उघड आहे. पण देव एकच आहे, तो दयाळू आहे, भक्ताची हाक ऐकतो, ही त्यांची निष्ठा. जीव आणि देव एकच, हे त्यांना पटेना. भक्तीला दोघे लागतातच. तुकोबांचे अभंग म्हणताना त्यांचे डोळे भरून येत. मराठ्यांच्या उदयावरील १९०० सालच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी संतांना स्वतंत्र प्रकरण दिले. शिंपी, कुंभार, माळी, न्हावी, महार अशा संतांनी जन्माचा अभिमान मोडला, म्हणूनच महाराष्ट्र उभा राहिला, असे त्यांनी जगाला सांगितले. सुधारणा म्हणजे परकी आयात नव्हे, संतांचेच अपुरे काम, ही त्यांची श्रद्धा.

आता कसोटीचे बोलू. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या माधवरावांनी १८७३ साली, पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. पुण्यातील मिशनरी चहापानास हजर राहिल्याबद्दल १८९२ साली प्रायश्चित्तही घेतले. स्नेह्यांची अडचण त्यांना पाहवेना. लोक हसले. सुधारक रागावले. माधवराव निमूट राहिले. मात्र त्याच मुलीला, रमाबाईंना, घरच्यांचा रोष पत्करून त्यांनी शिकविले. त्या पुढे सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी त्यांनी देह ठेवला.

बाबांनो, त्यांना हसण्याआधी आपणच आपल्याला विचारू. वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो, जात विचारीत नाही. घरी परतल्यावर उंबऱ्यात ती समता किती दिवस टिकते? माधवराव जिथे अडखळले, तिथे आपणही रोज अडखळतो. त्यांना ती बोच होती. आपल्याला आहे काय?

रामकृष्णहरि.