थॉमस मिजली आणि फ्रिजमधला ‘सुरक्षित’ गॅस

थॉमस मिजली यांचा जन्म १८८९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून ते यंत्र अभियंता झाले. रसायनशास्त्र पुढे कामातूनच शिकले. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले की इंजिन ठोकत नाही, हा त्यांचा १९२१ चा शोध. त्यात त्यांना स्वतःलाच शिशाची बाधा झाली आणि १९२३ मध्ये काही आठवडे विश्रांती घ्यावी लागली. १९२४ मध्ये कारखान्यांत कामगार दगावले, तरी मिजलींनी पत्रकारांसमोर ते रसायन हातावर ओतून आणि हुंगून दाखवले.

त्या काळच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे. गळती झाली तर घरातली माणसे झोपेतच मरत. १९२८ मध्ये मिजलींकडे काम आले : न पेटणारा, विषारी नसलेला वायू शोधायचा. सहकाऱ्यांसह त्यांनी थोड्याच दिवसांत तो शोधला. आज मेकॅनिक त्याला आर-१२ म्हणतात. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलींनी तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवली. वायू खरोखरच पेटत नव्हता आणि विषारीही नव्हता. घरोघरी फ्रिज बिनधोक झाला.

१९४० मध्ये पोलिओने मिजलींचे पाय गेले. पलंगावरून उठता यावे म्हणून त्यांनी दोर आणि कप्प्यांची रचना केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोरांचा फास बसून त्यांचा मृत्यू झाला. वय होते ५५.

त्यांच्या वायूचा दोष पुढे तीस वर्षांनी कळला. तो सहज विघटित होत नाही, म्हणूनच हळूहळू वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचतो. तिथे अतिनील किरणांनी फुटून त्यातला क्लोरिन ओझोन नष्ट करतो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. ओझोन विरळ झाला की त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढतात. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. २०१० पर्यंत आर-१२ सारखे वायू फ्रिजमधून हद्दपार झाले. त्याच घराण्यातला, पण कमी घातक आर-२२ सुद्धा २०३० च्या सुमारास जवळपास बंद होणार आहे.

त्यामुळे पुंडलिकनगरसारख्या वस्तीतल्या डेअरीत किंवा आइस्क्रीमच्या दुकानात जुना कूलर वा डीप फ्रीजर असेल, तर गॅस बदलण्याची वेळ येणारच. तेव्हा काही गोष्टी पाहाव्यात. जुना गॅस हवेत सोडू नये, तो सिलिंडरमध्ये परत काढून घेता येतो. आधी गळती शोधून बंद करावी. नाहीतर नवा गॅसही निघून जातो. आर-१२ च्या जागी आर-१३४ए भरायचा तर कॉम्प्रेसरचे खनिज तेल बदलून त्याला चालणारे तेल घालावे लागते, ड्रायरही नवा लावावा लागतो. स्वस्त पडतो म्हणून पेट घेणारा गॅस जुन्या यंत्रात भरू नये. त्याची विजेची जोडणी तशा गॅससाठी केलेली नसते. काम चालू असताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण बंद खोलीत जड वायू खाली साचून प्राणवायू कमी करतो.

गॅस पेटतो का, विषारी आहे का, हे मिजलींनी तपासले. तो निसटल्यावर कुठे जातो, हे मात्र कोणी विचारले नव्हते. गॅस बदलणाऱ्याला आता हे तिन्ही प्रश्न विचारता येतात.