डॉक्टर नव्हे, मास्तर!

इन्सुलिन म्हटलं की बँटिंग आणि बेस्ट ही नावं सगळ्यांना आठवतात. पण औषधाची बाटली हातात आल्यावर ते किती, कधी, कसं टोचायचं हे पेशंटला कोणी शिकवलं? माझी आजी रोज इन्सुलिन घेते, म्हणून मला हा प्रश्न पडला. शोधता शोधता डॉ. एलियट जॉस्लिन भेटले.

जन्म १८६९, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स. १८९५ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झाले आणि पुढे बोस्टनमध्ये प्रॅक्टिस सुरू केली. डायबेटीसच्या प्रत्येक पेशंटची नोंद ते वहीत ठेवायचे. त्या वहीत आठवा नंबर होता त्यांच्या स्वतःच्या आईचा! तेव्हा इन्सुलिन नव्हतंच, फक्त कडक पथ्य. तरी ती माउली बरीच वर्षं जगली. पेशंटला नीट समजावलं तर तो स्वतःला सांभाळू शकतो, हा त्यांचा विश्वास होता. १९१८ मध्ये त्यांनी पेशंटसाठीच एक पुस्तक लिहिलं.

१९२२ मध्ये इन्सुलिन आलं. काचेची सिरिंज उकळा, सुईला धार लावा, रोज लघवी तपासा... साध्या माणसाला हे जमणार कसं? जॉस्लिननी नर्सेसना ट्रेनिंग दिलं. त्या पेशंटच्या घरी जाऊन राहायच्या आणि सगळं हाताला धरून शिकवायच्या. आहार, व्यायाम आणि इन्सुलिन म्हणजे एका गाडीचे तीन घोडे, असं ते समजावत.

इन्सुलिनमुळे पेशंट म्हातारपणापर्यंत जगू लागले आणि नवीन संकट आलं, पायाचं गँगरीन. रोज पाय धुऊन, नीट बघून ते टाळता येतं, हे त्यांनी १९३४ मध्ये ठासून मांडलं. पंचवीस वर्षं डायबेटीस सांभाळून धडधाकट राहिलेल्यांना ते चक्क मेडल द्यायचे! १९६२ मध्ये, ९२ व्या वर्षी ते गेले.

मित्रांनो, आज पेन आलं, बारीक सुया आल्या, पण शिकवणारा माणूस अजून लागतोच. आपल्याकडे इन्सुलिन ४० आणि १०० अशा दोन ताकदींत मिळतं. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट होतो! चष्म्यातून बारीक आकडे न दिसणाऱ्या आजीला हे कळणार कसं? टोचून घेतलं आणि जेवण राहिलं, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, गोंधळ. अशा वेळी शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता डॉक्टर गाठायचा.

आपण भावी इंजिनिअर, मशीनचं मॅन्युअल वाचतो. या सुट्टीत आजी-आजोबांची बाटली, सिरिंज आणि पायसुद्धा बघा. दहा मिनिटं पुरतात!