ट्रायकोकार्डावरचे नाव : कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीसाठी तुम्ही ट्रायकोग्रामा प्रेटिओसमचे कार्ड वापरत असाल, तर या मित्रकीटकाचे पूर्ण शास्त्रीय नाव एकदा वाचून पाहा. शेवटी 'रायली' असा शब्द येतो. ते एका माणसाचे आडनाव आहे. कीड अंड्यात असतानाच तिचा बंदोबस्त करावा, हा विचार या माणसाच्या कामात पुन्हा पुन्हा दिसतो.

चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांचा जन्म १८४३ चा, लंडनचा. शिक्षण फ्रान्स आणि जर्मनीत झाले. चित्रकलेत हात चांगला होता. सतराव्या वर्षी ते अमेरिकेला गेले आणि इलिनॉय राज्यात एका शेतावर गुरांमागे राबू लागले. पिकावरचे किडे पाहायची सवय तिथलीच. पुढे शिकागोच्या एका शेतीविषयक साप्ताहिकात ते किडींवर लिहू लागले आणि १८६८ मध्ये मिसुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमले गेले. तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती.

खरी परीक्षा टोळांनी घेतली. १८७३ ते १८७७ या काळात रॉकी पर्वताच्या बाजूने टोळधाडी उतरल्या आणि मैदानी राज्यांतील शेते उघडी पडली. कित्येक कुटुंबे शेत सोडून निघून गेली. उडणाऱ्या थव्यापुढे माणसाचे काही चालत नाही, हे रायलींनी ओळखले आणि लक्ष जमिनीकडे वळवले. टोळाची मादी कडक, मोकळ्या जमिनीत जेमतेम बोटभर खोलीवर अंड्यांची थैली पुरते. म्हणून त्यांचा सल्ला साधा होता. अंडी घातलेल्या जागा शोधा. जमीन खोल नांगरली, तर गाडल्या गेलेल्या अंड्यांतील पिलांना वर येता येत नाही. वरवर कुळवली, तर अंडी उघडी पडून पक्ष्यांच्या तोंडी जातात किंवा वाळतात. जमेल तिथे अंडी खणून गोळाही करा.

१८७७ मध्ये मिसुरीने कायदाच केला. अंड्यांना मापामागे ५ डॉलर बक्षीस, तर बाहेर पडलेल्या पिलांना मार्चमध्ये १ डॉलर आणि पुढे महिन्यागणिक कमी. हे माप म्हणजे बुशेल, सुमारे ३५ लिटरचे. या दरपत्रकात सगळा धडा आला, असे मला वाटते. (हेच रायली टोळ शिजवून लोकांना खाऊ घालत, ही गंमतही नोंदलेली आहे.)

नंतर ते केंद्र सरकारच्या कृषी खात्यात गेले. कपाशीची पाने फस्त करणाऱ्या अळीचा अभ्यास करताना तिच्या अंड्यांतून अळीऐवजी सुईच्या टोकाएवढी गांधीलमाशी निघालेली आढळली. १८७९ मध्ये रायलींनी तिचे वर्णन करून नाव दिले, तेच आपले प्रेटिओसम. मादी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि आतला जीव तिथेच संपतो. असे अंडे काही दिवसांत काळे पडते. पाहणी करताना काळी अंडी दिसली, तर ती खुडून टाकू नका.

लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकातून आपल्याकडे आली. तिची मादी मक्याच्या पानावर पुंजक्याने १०० ते २०० अंडी घालते, वर केसाळ आवरण पसरते आणि दोन-तीन दिवसांत अळ्या बाहेर पडतात. अळी पोंग्यात शिरली की फवारणी नीट पोहोचत नाही. म्हणून कामगंध सापळ्यात ३ पतंग दिसताच एकरी ५०,००० प्रेटिओसम आठवड्याच्या अंतराने सोडायची शिफारस आहे. कार्ड पानाच्या खालच्या बाजूला लावा आणि त्या दिवसांत रासायनिक कीटकनाशक फवारू नका. केसाळ थराखालच्या अंड्यांपर्यंत ही माशी पोहोचत नाही, तिथे टेलेनोमस रेमस हा दुसरा मित्रकीटक अधिक उपयोगी. आणि दिसलेला अंडीपुंज हाताने चुरडणे, याला खर्च नाही.

रायलींचे सर्वांत गाजलेले काम कॅलिफोर्नियातले. तिथल्या संत्रा बागांत परदेशातून आलेली पांढरी, कापसासारखी खवले कीड माजली होती. प्रत्येक मादीच्या मेणचट पिशवीत शेकडो अंडी, औषध आत शिरत नव्हते आणि बागायतदार झाडे तोडू लागले होते. ही कीड ऑस्ट्रेलियाची आहे हे ठरवून रायलींनी १८८८ मध्ये सहकारी अल्बर्ट कोबेले यांना तिकडे धाडले. परदेशप्रवासाला खात्याकडे पैसा नव्हता, म्हणून मेलबर्नच्या प्रदर्शनाच्या खर्चात ही वारी बसवली गेली. रायलींची मदार एका परोपजीवी माशीवर होती, बाजी मारली मात्र व्हेडालिया नावाच्या लाल-काळ्या ढालकिड्याने. तो त्या पिशवीवरच अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या आतली अंडी खातात. पहिल्या खेपांत मोजून १२९ किडे पोहोचले. लॉस एंजेलिसच्या एका बागेत झाडावर तंबू ठोकून ते सोडले. जून १८८९ पर्यंत दहा हजारांहून अधिक किडे बागायतदारांना वाटून झाले होते आणि वर्ष-दीड वर्षात कीड आटोक्यात आली. श्रेय कोणाचे यावरून पुढे कुरबूर झाली. रायली स्वभावाने तसे सोपे नव्हते. हीच कीड १९२८ मध्ये निलगिरीत आढळली, तेव्हा आपल्याकडेही हाच ढालकिडा मागवला गेला.

आपला कीटकसंग्रह रायलींनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिला. १४ सप्टेंबर १८९५ रोजी त्याच शहरात सायकलवरून जाताना रस्त्यातल्या दगडाला चाक धडकून ते पडले. डोक्याला मार लागला आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. बावन्नावा वाढदिवस चार दिवसांवर होता.