स्टीफन हिस्लॉप

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमध्ये झाला. १८४५ साली ते धर्मप्रसारक म्हणून नागपूरला आले. येथे त्यांनी शाळा काढली. सवड मिळताच ते रानोमाळ हिंडून दगड तपासत.

प्राचीन सजीवांचे अवशेष दगडात टिकून राहतात. त्यांना जीवाश्म म्हणतात. मांगली गावच्या दगडातील एक कवटी त्यांनी लंडनला पाठवली. मेंदू केव्हाच नाहीसा झाला होता. हाड मात्र उरले होते. ती कवटी उभयचर, म्हणजे पाण्यात व जमिनीवर राहणाऱ्या प्राण्याची निघाली. सजीव पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात. या बदलास उत्क्रांती म्हणतात. जीवाश्म तिचा पुरावा होत.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे आहे.