डार्विनच्या छातीतली धडधड

१८३१ च्या डिसेंबरात ‘बीगल’ हे जहाज इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबले होते. त्यावरून जगप्रवासाला निघालेला बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन मात्र वेगळ्याच विवंचनेत होता. छातीत धडधड होई, हृदयाच्या जागी दुखे. आपल्याला हृदयविकार जडला आहे, अशी त्याने मनाशी खूणगाठच बांधली. वडील नामांकित डॉक्टर, स्वतः एडिंबरोत दोन वर्षे वैद्यक शिकलेला. तरीही त्याने कोणाला प्रकृती दाखविली नाही. प्रवासास अपात्र ठरविले जाण्याची भीती त्याहून मोठी होती.

जहाज २७ डिसेंबरला निघाले. पुढच्या सुमारे पाच वर्षांत समुद्र लागण्याने तो हैराण झाला, चिलीत काही आठवडे अंथरुणालाही खिळला. पण अँडीज पर्वत ओलांडताना किंवा घोड्यावरून मैलोन्‌मैल रपेट करताना त्या हृदयाने दगा दिला नाही.

परतल्यावर १८३७ मध्ये लंडनमध्ये त्याने सजीवांच्या उत्क्रांतीवर टिपणवह्या लिहायला घेतल्या आणि त्याच वर्षी धडधड पुन्हा सुरू झाली. १८४२ मध्ये पत्नी एमा व मुलांसह तो केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहायला गेला, तो कायमचाच. तेथील त्याची दिनचर्या आज वाचली, तर कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाचे कान टवकारतील. मळमळ, उलट्या, पोटातील वायू, हातापायांचा थरकाप, भोवळ, रात्रभर डोळ्याला डोळा न लागणे. पाहुण्यांशी थोडा वेळ उत्साहाने बोलणे झाले, की रात्री त्याची किंमत मोजावी लागे. दारात कोण येते आहे हे आधीच कळावे, म्हणून अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर त्याने आरसा बसवून घेतला होता. १८४८ मध्ये वडील वारले, तेव्हा प्रकृतीमुळे तो अंत्यविधीला वेळेवर पोहोचू शकला नाही.

दुखण्याची नोंदही त्याने शास्त्रज्ञाच्या शिस्तीने केली. १८४९ पासून १८५५ पर्यंत रोजच्या प्रकृतीची वही ठेवली. मॉल्व्हर्न येथे डॉ. गली यांचे जलोपचार घेतले. थंड पाण्याचे ते प्रकार आज वाचतानाही अंगावर काटा येतो. त्याच गावी १८५१ मध्ये दहा वर्षांची लाडकी मुलगी अ‍ॅनी दगावली. एमा ही त्याची मामेबहीण. आपले दुखणे मुलांत उतरेल, ही धास्ती त्याला आयुष्यभर सोडून गेली नाही. १८७१ च्या जनगणनेत अशा विवाहांविषयी प्रश्न घालावा यासाठी त्याने खटपट केली. संसदेने ती मान्य केली नाही.

सिद्धांताचे ओझे होतेच. १८४४ मध्ये त्याने सविस्तर मसुदा लिहिला आणि आपण मेलो तर तो छापण्यासाठी चारशे पौंड खर्चावेत, असे पत्र एमासाठी लिहून ठेवले. जिवंतपणी छापण्याचे मात्र टाळले. १८५८ मध्ये वॉलेसचे टपाल आले नसते तर आणखी किती वर्षे गेली असती, कोण जाणे! १ जुलैला लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन वाचले गेले, तेव्हा डार्विन घरी होता. तीनच दिवसांपूर्वी त्याचे तान्हे मूल गेले होते. १८५९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला त्या दिवशी तो इल्क्ली येथे जलोपचार घेत होता.

हा आजार नेमका कोणता, यावर एकमत नाही. दक्षिण अमेरिकेत एक रक्तपिपासू ढेकूण चावल्याची नोंद त्याने केली होती. त्यावरून १९५९ मध्ये शागास रोगाचा तर्क पुढे आला. १९९७ मध्ये दोन अमेरिकी डॉक्टरांनी भयविकाराचे, म्हणजे पॅनिक डिसऑर्डरचे निदान मांडले. धडधड मात्र दक्षिण अमेरिका पाहण्याआधीची, हे विसरता येत नाही. अर्थात शरीराचा रोग आणि मनाची चिंता एकाच घरात नांदू शकतात.

भीतीची लक्षणे डार्विनने स्वतःच बारकाईने लिहून ठेवली आहेत. १८७२ च्या भावनाविषयक ग्रंथात हृदयाचे ठोके, कोरडे पडणारे तोंड, गार घाम यांचे वर्णन येते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्याने विषारी सापासमोरच्या जाड काचेला तोंड जवळ नेले, मागे हटायचे नाही असा निश्चय करून. सापाने झेप घेताच तो झटकन मागे उडाला. निश्चय कुठल्या कुठे गेला, याची नोंद त्याने ग्रंथात मोकळेपणी केली.

म्हातारपणी त्रास बराच ओसरला. गांडुळांवरचे पुस्तक १८८१ मध्ये आले. त्यानंतर काही महिन्यांतच छातीत दुखू लागले, आणि या वेळी डॉक्टरांनी हृदयाचाच विकार असल्याचे सांगितले. १९ एप्रिल १८८२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, डाउनच्या घरी त्याचे निधन झाले.