मार्कशीटवरचं नाव आणि डोक्यावरचं छप्पर

तुमची शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट जरा बाहेर काढा. बुलडाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, मेहकर... कॉलेज कुठलंही असो, वर विद्यापीठाचं नाव एकच आहे : संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. परीक्षेचा फॉर्म भरताना हे नाव आपण कितीदा तरी वाचतो आणि पुढे जातो. फार तर खराटा, अंगावरची चिंध्यांची गोधडी आणि ग्रामस्वच्छता अभियान एवढं आठवतं. शाळेतल्या धड्याची कृपा!

पण या माणसाची आणखी एक ओळख आहे. तुमच्यापैकी जे गाव सोडून रूम करून राहतात, डिपॉझिटसाठी घरी फोन करताना ज्यांचा आवाज खाली येतो, त्यांच्याशी या ओळखीचा थेट संबंध आहे. गाडगेबाबा ५१ वर्षं स्वतः बेघर राहिले आणि त्याच काळात त्यांनी गरिबांसाठी ठिकठिकाणी छप्परं उभी केली. त्याची ही गोष्ट.

बाप गेला, शेत गेलं

२३ फेब्रुवारी १८७६. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. झिंगराजी आणि सखुबाई या परीट दांपत्याच्या घरी डेबूचा जन्म झाला. झिंगराजींना दारूचं व्यसन होतं. त्यात घर बसलं आणि डेबू लहान असतानाच ते गेले. सखुबाईंनी पोराला घेऊन माहेर गाठलं, मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे. म्हणजे तुमच्या लक्षात येतंय का, आयुष्यातलं पहिलं छप्पर डेबूच्या डोक्यावरून गेलं तेव्हा त्याचं वय तुमच्या धाकट्या भावाएवढंही नव्हतं.

मामांच्या घरी डेबूने गुरं राखली, शेत कसलं. राबणारा पोरगा म्हणून गावात नाव झालं. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच सावकाराचा कागद आडवा आला. मामा चंद्रभानजी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. विश्वासाने अंगठा दिला आणि हातची जमीन गेली. त्या धक्क्याने मामाही गेले. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा डेबू औत सोडायला तयार झाला नाही. त्याने त्यांना शेतातून हुसकून लावलं.

पण त्या प्रसंगातून एक गोष्ट त्याच्या मनात कायमची रुतली. राबून कमावलेली जागासुद्धा कागद वाचता येत नसेल तर आपली राहत नाही. पुढे आयुष्यभर कीर्तनातून ते शिक्षणासाठी एवढा आकांत का करत राहिले, त्याचं मूळ या शेतात आहे.

पत्ता नसलेली वर्षं

१ फेब्रुवारी १९०५. वय २८. डेबूजींनी घर सोडलं. अंगावर फाटकं वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचं गाडगं. जेवणाचं भांडं तेच, पाणी प्यायचं भांडंही तेच. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

पुढची बारा वर्षं ते नुसते फिरले. कुणाच्या शेतात राबायचं, कुणाची लाकडं फोडायची, गावातला कचरा झाडायचा आणि त्या बदल्यात भाकर मागायची. रात्र कुठे? देवळाच्या ओट्यावर, नदीकाठी, झाडाखाली. अनोळखी फाटका माणूस गावात आला की लोक आधी संशयाने बघतात. बाबांनी तो संशय सोसला, शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला. बिनपत्त्याच्या माणसाला गाव कसं वागवतं, हे त्यांना अंगावर घेऊन कळलेलं होतं.

यात्रा-जत्रांमध्ये त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. आपल्याकडे सैलानीच्या यात्रेत जाऊन आलात ना? हजारो माणसं येतात, बाईमाणूस, म्हातारेकोतारे, पोरंबाळं. पैसेवाल्याला खोली मिळते. बाकीच्यांचं काय? पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, सगळीकडे तेच होतं. दिवसचे दिवस चालत आलेला गरीब माणूस रात्री पावसात कुडकुडत बसायचा. आणि त्यातही जो अस्पृश्य मानला जायचा, त्याला पैसे असले तरी कुणी ओसरीवर घेत नव्हतं.

पंढरपूरचा हिशोब

१९१७ मध्ये बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचं काम हाती घेतलं. साल नीट बघा. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं झालं १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे देवाचं दार उघडायच्या तीस वर्षं आधी बाबांनी त्यांच्यासाठी छपराची सोय सुरू केली होती. दर्शनाचा वाद मोठा होता, तो पुढेही चालणार होता. पण आज रात्री हे लोक झोपणार कुठे, हा प्रश्न त्यांनी आधी घेतला.

मग ही यादी वाढत गेली. नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. गावाकडून उपचारासाठी माणूस आला की दवाखान्यात खाट रुग्णाला मिळते. सोबत आलेल्या बायकोने, भावाने कुठे राहायचं? मुंबईतली रूम त्यांना परवडणार का? उपचार फुकट असले तरी राहण्याचा खर्च झेपला नाही, तर माणूस उपचार अर्धवट सोडून गावी परततो. बाबांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. विदर्भातल्या कितीतरी घरांना तो पत्ता पाठ आहे.

पैसा कुठून आला? कीर्तनातून. रात्री हजारो माणसं जमायची, बाबा प्रश्न विचारत विचारत कीर्तन रंगवायचे आणि लोक खिशात हात घालायचे. पण पैसा ते स्वतःच्या हातात घेत नसत. हिशोब विश्वस्तांकडे. एक काम उभं राहिलं की त्याचा कारभार लोकांकडे सोपवायचा आणि आपण पुढच्या गावाला निघायचं.

१९४९ मध्ये तर त्यांनी पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळाच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या वसतिगृहासाठी. यात्रेकरूचं छप्पर विद्यार्थ्याचं झालं. शिकायला गावाबाहेर पडलेल्या गरीब पोराला फी माफ करून भागत नाही, त्याला राहायला जागा लागते, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आणि घरची माणसं? एवढ्या इमारती उभ्या करणाऱ्याची बायको झोपडीत राहिली. लोकांच्या पैशाने बांधलेल्या धर्मशाळेत आपल्या कुटुंबाने सुखाने राहावं, हे बाबांना मान्य नव्हतं. याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही ठरवा. कुंताबाईंनी काय सोसलं असेल, हा प्रश्नही विचारायलाच हवा. कारण घर सोडण्याचा निर्णय बाबांचा होता, झोपडी मात्र त्यांच्या वाट्याला आली.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. बाबासाहेबांना जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. बाबांचा शेवटही रस्त्यावरच झाला.

घर आपलं, जागा दुसऱ्याची

आता आपल्या जिल्ह्यात या. गावाबाहेरच्या पडीत जागेवर, बाजाराच्या कडेला, हायवेलगत तुम्ही पालं पाहिली असतील. घिसाडी, वैदू, नाथजोगी, बहुरूपी. बांबू, ताडपत्री, जुन्या साड्या, बाजूला सामानाची गाडी. बसच्या खिडकीतून आपण बघतो आणि मोबाइलकडे वळतो.

नीट विचार केला तर त्या माणसाकडे घर आहे. पाल त्याचं स्वतःचं आहे, गाडी त्याची आहे. नाही ती फक्त पालाखालची जमीन. मालकाने, ग्रामपंचायतीने, पोलिसांनी उठ म्हटलं की उठायचं. तीन दिवस इथे, आठ दिवस तिथे. पोरांची शाळा त्यातच सुटते.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत लाखो कमी उत्पन्नाची कुटुंबं 'मोबाइल होम' मध्ये राहतात. घर त्यांनी हप्त्याने विकत घेतलेलं असतं, पण ते उभं असतं दुसऱ्याच्या जागेवर, महिन्याच्या भाड्याने. जागामालकाने भाडं वाढवलं की कुटुंब अडकतं, कारण नावाला चालतं असलेलं ते घर उचलून दुसरीकडे न्यायचा खर्च झेपत नाही. तिथे भाड्याला सरकारी मदत मिळावी की भाडंवाढीलाच मर्यादा असावी, यावर वाद चालू असतात. पाल आणि मोबाइल होम यांच्यात सुखसोयींचं अंतर प्रचंड आहे. दुखणं मात्र सारखं आहे.

आपल्याकडे उपाय कागदावर आहे. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. वीस कुटुंबांची वसाहत, प्रत्येक कुटुंबाला ५ गुंठे जमीन आणि त्यावर २६९ चौरस फुटांचं घर, अशी तिची मूळ कल्पना. घरकुल मंजूर झालं पण जागाच नाही, अशांना जागा घ्यायला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनाही आहे. मग अडतं कुठे? बऱ्याचदा अडतं ते जातीच्या दाखल्यावर. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजा त्या वर्षी पाच गावं फिरला, त्याने कुठल्या गावाचा कागद आणायचा? घर मिळवायचं तर आधी कुठेतरी राहत होतो हे दाखवायचं, असा हा पेच आहे. कागद नसेल तर गृहचौकशी करून दाखला देण्याची वाट असते, पण ती पालावर सांगायला जातो कोण?

इथे दापुऱ्याचं ते शेत आठवा. कागद वाचता न आल्यामुळे गेलेली जमीन. सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी कागदाची अडचण तीच आहे.

तुमच्या हातात काय आहे?

पहिलं तुमच्या स्वतःचं बघा. वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून शिक्षण सोडायच्या विचारात असाल, तर थांबा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला वर्षाला ४३ हजार, त्यात निवासासाठी १२ हजार, अशी तिची रचना आहे. म्हणजे महिन्याला हजार रुपये. तुमच्या रूमचं भाडं किती, ते तुम्हीच शेजारी लिहा. मदत पुरेशी आहे की नाही, त्याचं उत्तर समोर येईल. पण अर्ज न करणाऱ्याला तेही मिळत नाही. ओबीसी आणि विमुक्त-भटक्या विद्यार्थ्यांसाठी त्याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली आहे. अटी आणि मुदत आधी बघून घ्या. भाडेकरार, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला, उपस्थिती, हे सगळं जुळवायला वेळ लागतो. शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत रांग लावून उपयोग नाही.

दुसरं, एनएसएसच्या शिबिरात आपण खराटा हातात घेतो, फोटो काढतो. छान. पुढच्या शिबिरात एक दिवस पालावर जाऊन बघा. आधारकार्ड कुणाचं आहे, रेशनकार्ड कुणाचं नाही, कुठल्या पोरीचा शाळेचा दाखला कुठल्या गावात अडकलाय, याची वही करा. ती वही घेऊन तहसील आणि समाजकल्याणच्या कार्यालयात जा. एका फेरीत काम होणार नाही. बाबांची धर्मशाळाही एका कीर्तनात उभी राहिली नव्हती.

आणि कधी सुट्टीच्या दिवशी शेगावहून अमरावतीकडची गाडी पकडा. अकोला गेलं की मूर्तिजापूर येतं. तिथे उतरा, बाबांनी उभ्या केलेल्या जागा बघून या. मग परत येऊन मार्कशीट पुन्हा हातात घ्या. वरचं नाव या वेळी सावकाश वाचा.