शेंडेनक्षत्राची चुकलेली वेळ

मांजलपूर जेव्हा बडोद्याच्या वेशीबाहेरचे खेडे होते, तेव्हा म्हणजे 1910 साली, हॅलेचा धूमकेतू आकाशात आला. शेंडेनक्षत्र दिसले की राजावर वा रयतेवर अरिष्ट येते, अशी समजूत आपल्या घरांतूनही होती. त्या शेपटीमागे अरिष्ट नसून साधे पाणी आहे, हे ज्यांनी गणिताने ओळखले ते फ्रेड व्हिपल.

त्यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1906 रोजी अमेरिकेतील आयोवा प्रांतात, शेतकऱ्याच्या घरी झाला. टेनिसपटू होण्याची त्यांची उमेद पोलिओने मोडली. पुढे ते गणिताकडून खगोलशास्त्राकडे वळले आणि 1931 पासून हार्वर्ड वेधशाळेत रमले. तेथे आकाशाची छायाचित्रे तपासता तपासता त्यांना सहा धूमकेतू सापडले.

त्या वेळी एक जुने कोडे सुटायचे होते. एंकेचा धूमकेतू सुमारे 3.3 वर्षांत सूर्याभोवती फेरी घाली. पण एकोणिसाव्या शतकात त्याची प्रत्येक फेरी मागच्या फेरीहून सुमारे अडीच तासांनी, म्हणजे सहा घटकांनी, कमी भरत असे. अवकाशातील विरळ द्रव्याचा अडथळा, असे कारण एंके यांनी दिले. मग हॅलेचा धूमकेतू दर खेपेस सुमारे चार दिवस उशिरा का यावा? पंचांगाचे वाद ऐकत वाढलेल्या आपल्या मंडळींस हा फरक क्षुल्लक वाटणार नाही.

व्हिपल यांनी 1950 साली उत्तर दिले. धूमकेतूचा गाभा म्हणजे धूळमिश्रित बर्फाचा, स्वतःभोवती फिरणारा गोळा. सूर्याजवळ येताच, कापराची वडी उडावी तसे, बर्फ न वितळता वाफ होते. आपल्याकडे ऊन बारापेक्षा तीनच्या सुमारास अधिक जाचते. तशीच गाभ्याचीही वाफ दुपार कलल्यावर जोरात निघते आणि दिवाळीतल्या बाणासारखा त्याला तिरपा रेटा देते. गिरकी ज्या दिशेची, त्याप्रमाणे फेरीचा काळ घटतो किंवा वाढतो. वेळेच्या या फरकावरूनच किती बर्फ उडत असेल, याचा अंदाज त्यांनी बांधला.

1957 नंतर कृत्रिम उपग्रहांच्या वेधासाठी त्यांच्या संस्थेने जगभर कॅमेरे बसविले. त्यांतील एक आपल्या नैनितालला होता.

प्रत्यक्ष पुरावा हळूहळू आला. सूर्यप्रकाशाने पाण्याचे कण फुटून हायड्रोजन सुटतो. त्याचे अतिनील तेज हवेतून खाली पोहोचत नाही. म्हणून 1970 साली उपग्रहातून पाहिले, तेव्हा धूमकेतूंभोवती हायड्रोजनचे प्रचंड ढग आढळले. त्या तेजावरून दर सेकंदास किती पाणी सुटते, ते मोजता येऊ लागले. मार्च 1986 मध्ये ‘जोत्तो’ यान हॅलेच्या गाभ्याजवळून गेले. गाभा सुमारे 15 किलोमीटर लांब व कोळशासारखा काळा निघाला. सेकंदाला 15 टनांहून अधिक पाणी त्यातून उडत होते. व्हिपल तेव्हा 79 वर्षांचे होते.

30 ऑगस्ट 2004 रोजी, 97 व्या वर्षी, ते निवर्तले. वेळ चुकली म्हणून त्यांनी गणितास बोल लावला नाही, आकाशासही नाही. त्या चुकीतच त्यांनी पाणी शोधले. हॅलेचा धूमकेतू 2061 साली पुन्हा येईल. मांजलपूरच्या गच्चीवरून नातवंडांस तो दाखविताना अरिष्टाची नव्हे, ही गोष्ट सांगावी.